तीळ एक, बिलं दोन

प्रश्न: खांद्यावरचा तीळ वाढल्यासारखा वाटला म्हणून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तिथेच दहा मिनिटांत काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला. महिन्याने दवाखान्याचं बिल आलं आणि मागोमाग लॅबचं वेगळं. विमा कंपनी म्हणते, रक्कम डिडक्टिबलमध्ये (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी आपण भरायच्या ठरलेल्या रकमेत) बसते, तुम्हीच भरा. मिळून पगाराचा चौथा हिस्सा होतोय. आणीबाणीचा निधी मोडण्यापेक्षा कार्डावर टाकू का? पाठीवरचा दुसरा तीळ पुढच्या वर्षावर ढकलावा म्हणतो.

उत्तर: रिपोर्ट चांगला आला, हे महत्त्वाचं. आता पैशांचं बघू.

आज काहीच भरू नका. शेवटची तारीख टिपून ठेवा आणि दोन्हीकडून तपशीलवार बिल मागवा. त्यावर ‘शस्त्रक्रिया’ लिहिलेलं असेल. बघून दचकायला होतं, पण बिलाच्या भाषेत जागा बधिर करून काढलेला तीळही शस्त्रक्रियाच. त्या शब्दावर भांडण्यात अर्थ नाही. बघायचं ते पुढच्या ओळींत. लॅब बहुधा नमुन्यागणिक पैसे लावते. तीळ एक, तर नमुने दोन कसे? तपासणी फी दोनदा तर धरली नाही? मग विमा कंपनीचं पत्र बिलाशेजारी ठेवा. डॉक्टर विमा कंपनीच्या यादीतले, म्हणजे तिच्याशी करार असलेले असतील, तर सहसा ठरलेल्या दरापेक्षा जास्त मागता येत नाही, डिडक्टिबल तुमच्या खिशातून जात असलं तरी. डॉक्टर यादीतले आणि लॅब यादीबाहेरची, हा घोळ तर मी नेहमी बघतो.

यातून जे खरंच देणं उरेल, ते कार्डावर नको. महिन्याला 3 टक्के व्याज धरा. रक्कम किती काळात दुप्पट होते, याचा ढोबळ हिशोब म्हणजे 72 भागिले व्याजदर. 72 भागिले 3, म्हणजे काहीच भरलं नाही तर साधारण 24 महिन्यांत थकबाकी दुप्पट. निधी बहुतेक तुम्ही मनात नोकरी जाण्यासाठीच राखून ठेवलाय. पण खर्च अचानक आला, टाळता आला नसता आणि तब्येतीचा आहे. आणीबाणी आणखी वेगळी काय असते? निधीतून भरा, चार-पाच पगारांत परत टाका. हात लावायचाच नसेल, तर दवाखान्याकडे बिनव्याजी हप्ते मागा. संकोच तुम्हाला वाटेल, बिलिंगच्या माणसाला हे रोजचंच आहे.

दुसऱ्या तिळाचं मात्र मला पटलं नाही. थांबता येईल का, हे डॉक्टर सांगतील. पैशांवरून ठरवू नका. त्यातून पैशांचं गणितही उलटंच पडण्याची शक्यता आहे. डिडक्टिबल साधारण पॉलिसीच्या वर्षापुरतं असतं. या बिलांनी ते बरंच भरलं असेल, तर नूतनीकरणाआधी तीळ काढला की विम्याचा हिस्सा वाढेल. नंतर काढलात तर पुन्हा शून्यापासून. अजून बरंच शिल्लक असेल, तर मात्र घाईने काही मिळणार नाही. किती उरलंय, हे कंपनीला फोन करून विचारा.

आणि या खेपेला नमुना कुठल्या लॅबला जाणार, ते बधिर करायच्या इंजेक्शनआधी विचारून घ्या.