घरची दारू गुन्हा, दुकानची चालते?

प्रश्न : राम राम. आम्ही शिरपूरकडचे. आजोबा नेहमी म्हणायचे, "घरनी दारू गुन्हा, दुकाननी दारू चाले." इंग्रजांच्या टायमाची गोष्ट. घरी मोहाची काढली की शिपाई येऊन मडकी फोडायचे आणि दारूचं दुकान मात्र उघडं. मग सरकार दारूच्या विरोधात होतं की बाजूने?

उत्तर : राम राम भाऊ. आजोबांच्या त्या एका वाक्यात सगळी आबकारी, म्हणजे दारूवरच्या कराचा सरकारी कारभार, आली बघा. सरकारला पैसा पाहिजे होता, बस. मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला, मग काढायची तर सरकारी देखरेखीतल्या भट्टीत, तिच्यावर गॅलनमागे ड्युटी म्हणजे कर, आणि विकायची लायसनवाल्या दुकानात. घरच्या मडक्यावर ड्युटी कोण भरणार? म्हणून मडकी फुटली.

आणि त्या मडक्यात होतं तरी काय! चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात, बायापोरं टोपल्या घेऊन वेचतात, वाळवतात. वाळल्या फुलात निम्म्याच्या वर साखरच असते, त्यामुळे पाण्यात भिजवली की पाच-सहा दिवसात आपोआप आंबतात, गूळ नको की नवसागर नको. मग मडकं चुलीवर, तोंड मातीने लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, की धार सुरू. सातपुड्यात आधी देवाला, मग माणसांना. होळी, लग्न, मयत, त्याशिवाय काहीच व्हायचं नाही. हेच फूल भाजून, शिजवून खायचे पण, दुष्काळात त्यावर दिवस काढलेत लोकांनी. ठाणे-कुलाब्याकडे तर 1892 मध्ये थेट मोहफुलांवरच कायदा केला, खायच्या वस्तूवर! मला हे आजही सहन होत नाही.

दुकानाने अजून एक केलं. घरची फुकट होती, दुकानची रोख नाहीतर उधार, आणि बऱ्याच ठिकाणी दारू विकणाराच सावकार, उधारी चढली की धान्य जायचं, मग जमीन.

1937-38 च्या सुमारास तळोद्याकडच्या मोरवडला गुला महाराज या आदिवासी संतांनी आरती सुरू केली, दारू सोडा म्हणून सांगितलं आणि हजारो आदिवासींनी सोडली. शिपायाच्या काठीने जे झालं नाही ते लोकांनी आपणहून केलं, हे मला फार मोठं वाटतं. महाराष्ट्रात मोहफुलं वेचणं-साठवणं मोकळं व्हायला मात्र 2021 उजाडलं.

आजोबांनी मडकी फुटताना स्वतः पाहिली होती का? घरात कुणाला आठवत असेल तर विचारून नक्की लिहा.