रन मध्येच तुटला तर: रिस्टार्टविषयी प्रश्नोत्तरे

बेळगावात ‘रिझर्व्हॉयर’ म्हटलं की लोकांना राकसकोप आठवतं आणि पुढचा प्रश्न येतो, यंदा भरलं का? म्हणून आधीच सांगतो, आपला विषय जमिनीखाली तेल-वायू धरून बसलेल्या खडकाचा आहे. त्याच्या मॉडेलचा रन, म्हणजे तेल-वायू वर्षानुवर्षं कसे हलतील याचं संगणकावरचं गणित, मधूनच पुढे कसा न्यायचा (यालाच रिस्टार्ट म्हणतात), याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. उत्तरं इक्लिप्स या सिम्युलेटरच्या पद्धतीच्या डेटा फाइलीला धरून आहेत. फुकट मिळणारा ओपीएम फ्लोही तशीच फाइल वाचतो. कीवर्ड, म्हणजे सिम्युलेटरला सूचना देणारे शब्द, फाइलीत रोमन कॅपिटलमध्येच टाकायचे, इथे मी ते उच्चारानं लिहितोय.

प्रश्न : खानापूरला घरी लॅपटॉपवर प्रोजेक्टचा रन लावला होता. पाऊस सुरू झाला, करंट गेला, थोड्या वेळानं बॅटरीही संपली. दहापैकी सात वर्षं झाली होती. आता परत पहिल्यापासून काय, सर?

तुमच्या फाइलीत आरपीटीआरएसटी (रिस्टार्टसाठी अवस्था कधी-कधी जपायची ते सांगणारा कीवर्ड) काय मागतंय, त्यावर ते आहे. ‘बेसिक=2’ असेल तर प्रत्येक रिपोर्टच्या, म्हणजे शेड्यूलमध्ये तुम्ही नेमून दिलेल्या प्रत्येक वेळची अवस्था डिस्कवर उतरलेली आहे. 1 असेल तर फक्त शेवटची उरते, 4 असेल तर वर्षाला एक, 5 असेल तर महिन्याला एक. काहीच मागितलं नसेल तर मात्र हो, पहिल्यापासूनच.

फाइली असतील तर अगदी शेवटच्या रिपोर्टवर भिस्त ठेवू नका. करंट जाताना तो अर्धवट लिहिला गेलेला असू शकतो. त्याच्या आधीचा घ्या. कुठल्या रिपोर्टला रिस्टार्ट फाइल लिहिली गेली, ते प्रिंट फाइलीत सापडतं. आणि नंबर रिपोर्टचा बघायचा, टाइमस्टेपचा नव्हे. दोन रिपोर्टांच्या मध्ये सिम्युलेटर आपल्या सोयीनं कितीतरी छोटी पावलं टाकतो, त्यांच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

मग डेटा फाइलीची कॉपी करा. रनस्पेक, ग्रिड, प्रॉप्स, रीजन्स हे विभाग जसेच्या तसे राहू देत. स्टार्टची तारीखही मूळचीच. ती रिस्टार्टच्या दिवसाची करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. सोल्युशन विभागातलं इक्विल (सुरुवातीची अवस्था ठरवणारा कीवर्ड) काढून तिथे मूळ रनचं नाव आणि निवडलेल्या रिपोर्टचा नंबर लिहा, उदाहरणार्थ:

रिस्टार्ट
‘बेस’ 83 /

शेड्यूल, म्हणजे विहिरी आणि वेळांच्या विभागाच्या, अगदी वर स्किपरेस्ट. रिस्टार्टच्या वेळेपर्यंतच्या नोंदी ओलांडून पुढे जा, असं ते सांगतं. सगळे रिपोर्ट एकाच फाइलीत साठवले असतील, म्हणजे मूळ रनमध्ये युनिफआउट असेल, तर रनस्पेकमध्ये युनिफइनही हवं. नाहीतर समोर फाइल असूनही सिम्युलेटर ‘सापडत नाही’ म्हणत बसतो. लिनक्सवर चालवत असाल तर नावातलं लहान-मोठं अक्षरसुद्धा तंतोतंत जुळलं पाहिजे.

कॉपीला नाव मात्र वेगळं द्या. मी एकदा घाईत तेच नाव ठेवलं. नवीन रननं जुन्याच्या निकालांवर निकाल लिहिले, आणि रात्रभराचं काम सकाळचा चहा उकळेपर्यंत गेलं.

प्रश्न : माझा रिस्टार्ट रन 10 वर्षांवर थांबायला हवा होता, 15 वर्षांपर्यंत गेला. एरर एकही नाही. (निपाणी)

स्किपरेस्ट टाकायचं राहून गेलंय आणि शेड्यूल टीस्टेपनं लिहिलंय. टीस्टेप म्हणजे ‘इथून पुढे इतके दिवस’. पाचव्या वर्षी उभं राहून तुम्ही दहा वर्षांची यादी पुन्हा वाचायला दिलीत, त्यानं ती इमानदारीनं वाचली. थेट तारखा देणारं डेट्स असतं तर मागची तारीख दिसताच रन अडला असता. जुना भाग हातानं कापायचा असेल तर व्हीएफपी टेबलं (विहिरीच्या नळीत दाब किती उतरतो त्याची) तेवढी राखून ठेवा, ती रिस्टार्ट फाइलीत जात नाहीत.

प्रश्न : म्हणून मी रिस्टार्टच्या डेटा फाइलीत टीस्टेप काढून डेट्स घातलं. सुरुवात 1 जानेवारी 2015, महिन्याला एक रिपोर्ट, म्हणजे 60 वा रिपोर्ट 1 जानेवारी 2020. तरी तारीख जुळत नाही. काय चुकतंय सांगा की! (बेळगाव)

हा प्रश्न मला फार आवडला. तुम्ही पाठवलेल्या मूळ फाइलीत दरवर्षी 31, 28, 31, 30 असे आकडे आहेत, पाचही वर्षं तेच. म्हणजे 5 गुणिले 365, एकूण 1825 दिवस. पण 2016 लीप वर्ष होतं, त्या फेब्रुवारीचा 29 वा दिवस तुमच्या यादीत नाही. खऱ्या कॅलेंडरनं 1 जानेवारी 2020 पर्यंत 1826 दिवस होतात. तुमचा 60 वा रिपोर्ट पडलाय 31 डिसेंबर 2019 ला. रिस्टार्टची वेळ शेड्यूलमध्ये नेमकी सापडावी लागते, एका दिवसाचीही सूट नाही. रिस्टार्टच्या शेड्यूलमध्ये 31 डिसेंबर 2019 ची नोंद घाला, काम होईल. पुढच्या वेळी मूळ रनपासूनच डेट्स वापरा.

प्रश्न : इतिहास जुळवताना, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष उत्पादनाच्या नोंदींशी जुळवताना, सच्छिद्रता 10 टक्क्यांनी वाढवायची आहे. वेळ वाचवायला पाचव्या वर्षापासून रिस्टार्ट केला तर चालेल का?

नाही. दाब आणि संपृक्तता (छिद्रांत तेल, पाणी, वायूचा वाटा किती) रिस्टार्ट फाइलीतून येतात, पण छिद्रांचं आकारमान तुमच्या ग्रिडमधून नव्यानं काढलं जातं. एका सेलमध्ये 1000 घनमीटर छिद्रं आणि तेलाची संपृक्तता 0.7 धरा. तेल 700 घनमीटर. सच्छिद्रता वाढवलीत की संपृक्तता तीच, छिद्रं 1100, तेल 770. हे 70 घनमीटर कुठून आलं? आणि मागची पाच वर्षं तर जुन्याच खडकात काढलेली आहेत. खडकाचे गुणधर्म बदलले की शून्यापासूनच चालवा. रिस्टार्ट कामाचा आहे तो पुढच्या पर्यायांसाठी: नवी विहीर, वेगळा उत्पादन दर, पाणी भरण्याचा वेगळा बेत. इतिहास एकदाच चालवायचा आणि त्याच टोकापासून असे तीन-चार फाटे काढायचे.

प्रश्न : सांधा नीट बसलाय हे ओळखायचं कसं?

काहीही न बदलता एक रिस्टार्ट चालवा आणि मूळ रनवर ठेवून बघा. क्षेत्राचा सरासरी दाब, एकूण तेल, प्रत्येक विहिरीचा तळाचा दाब, एवढे आलेख पुरे. रिस्टार्टनंतरचं पहिलं पाऊल वेगळ्या लांबीचं पडतं, त्यामुळे शेवटच्या आकड्यांत थोडा फरक येणारच, त्याची काळजी नको. पण सांध्यावरच दाबानं उडी मारली, तर फाटे काढण्याआधी दोन्ही डेटा फाइली शेजारी उघडा आणि इन्क्लूड केलेल्या फाइलींच्या तारखा तपासा. बहुतेक वेळा मधल्या काळात कुणीतरी ग्रिडची फाइल ‘जरा सुधारलेली’ असते.