अमेरिकेतला वर्णद्वेष आणि भारतातली जात एकच का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतला काळ्या-गोऱ्यांचा भेद आणि आपली जात ही एकच गोष्ट का. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर जपानमध्ये जास्त स्पष्ट दिसतं.

तिथे बुराकुमिन नावाचा समाज आहे. कातडी कमावणं, जनावरं कापणं अशी कामं पूर्वापार ज्यांच्या माथी होती, त्यांचे हे वंशज. रंग, चेहरा, भाषा, सगळं इतर जपान्यांसारखंच. १८७१ साली सरकारने त्यांचा हीन दर्जा रद्द केला. पण शंभर वर्षांनंतर, १९७५ साली उघडकीला आलं, की बुराकु वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात होत्या. नोकरी मागायला आलेल्या मुलाचं गाव त्या यादीत आहे का, ते बघायचं. सोयरीक जुळवतानाही गुप्तहेर लावून घराणं तपासायचे. हे वाचताना मला शहरात खोली शोधत फिरलेले माझे दिवस आठवले. आधी आडनाव, मग 'मूळचे कुठले?', आणि मग 'खोली कालच दिली हो'.

अमेरिकेत रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून तिथला भेद वेगळा, असं आपण धरून चालतो. पण तिथल्या व्हर्जिनिया राज्याच्या १९२४ च्या कायद्याने आफ्रिकी रक्ताचा अंश असलेल्या माणसाला, तो दिसायला कितीही गोरा असला तरी, गोरा मानलं नाही आणि गोऱ्यांशी लग्न करायला बंदी केली. म्हणजे तिथेही शेवटी कूळच तपासत होते! ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली १९६७ साली. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकताना, १९१६ सालच्या निबंधात, जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे असं मांडलं होतं. मला तरी हे तिन्ही देशांना लागू पडतं असं वाटतं.

फरक आहेत, आणि मोठे आहेत. आफ्रिकेतून माणसं पकडून आणली, बाजारात विकली. तो इतिहास जातीचा नाही. उलट आपल्याकडे उतरंड आहे: दबलेल्यालाही दाबायला खाली कुणीतरी मिळतं, त्यामुळे सगळे मिळून उठत नाहीत. शिवाय तिला धर्माचा आधार दिला गेला. तरी जोतीरावांना नातं दिसलं होतं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना.

आणि अमेरिकेतल्या सिएटल शहरात वंश, रंग, धर्म यांवरून भेदभावाला आधीपासून बंदी होती. तरीही २०२३ साली तिथल्या नगर परिषदेला कायद्यात 'जात' हा शब्द वेगळा घालावा लागला.