पावसाळ्यात पेट ठिसूळ का होतं?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आम्ही पेटचे (बाटल्यांच्या प्लॅस्टिकचे) प्रीफॉर्म, म्हणजे फुगवून बाटली करायच्या नळ्या, काढतो. उन्हाळ्यात माल चांगला निघतो, जुलै लागला की ठिसूळ. पॉलिप्रॉपिलीनला असं होत नाही. का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : याचं मूळ पॉलिमर, म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी, बनण्याच्या रीतीतच आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये प्रोपिलीनचे रेणू दुहेरी बंध उघडून थेट जोडले जातात, बाहेर काही पडत नाही. साखळीचा कणा नुसत्या कार्बनचा. पाणी तो तोडू शकत नाही.

पेट बनतं टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉलपासून. या दोघांना जोडणारे एस्टर बंध जुळताना पाणी सुटतं. शेवटी सुमारे २८० अंशांवर, निर्वातात, जादा ग्लायकॉल ओढून काढतात, तेव्हा कुठे साखळी लांबते. पण ही क्रिया उलटीही फिरते! पावसाळी हवेत ओलावलेला दाणा मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये वितळला की पाणी साखळ्या तोडतं, आय.व्ही. (साखळीच्या लांबीचं माप) घसरते आणि माल ठिसूळ होतो. तुटलेली साखळी नंतर वाळवून जुळत नाही.

म्हणून ओलावा ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) खाली आणूनच दाणा मशीनला द्या. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरची दमट हवाच तापवून फिरवतो, पावसाळ्यात तो पुरत नाही. हवा आधी कोरडी करणारा डिह्युमिडिफायिंग ड्रायर लागतो : तापमान १६० ते १७० अंश, हवेचा दवबिंदू उणे ४० अंश (जितका खाली तितकी हवा कोरडी), वेळ ४ ते ६ तास. तापमान मोजायचं ते हॉपरमध्ये (दाणा भरायच्या टाकीत) शिरणाऱ्या हवेचं. पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका. दवबिंदू चढत असेल तर आधी डेसिकंट (हवेतला ओलावा शोषणारा पदार्थ) तपासा.

प्रीफॉर्मचा चुरा थेट या ड्रायरमध्ये टाकू नका. तो स्फटिकी नसतो, ८० अंशांच्या आसपास मऊ होऊन गोळा बनतो. आधी तापवून, ढवळत क्रिस्टलाइझ (स्फटिकी) करा.