बागेतले प्रश्न: या वेळी सगळं ॲनिमोनबद्दल

या वेळी ॲनिमोन या फुलझाडावर इतके प्रश्न आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकात ढकललंय. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, बऱ्याच जणांनी आपल्याकडे नेमकं कुठलं ॲनिमोन आहे ते लिहिलेलंच नाही. कंदवालं, झाडाखाली पसरणारं बुटकं आणि शरदात फुलणारं उंच जपानी ही तिन्ही ॲनिमोनच, पण एकाला जे मानवतं त्याने दुसरं मरतं. तेव्हा प्लीज, पाकिटावरचं पूर्ण नाव लिहीत जा.

प्रश्न: ॲनिमोन कोरोनारियाचे कंद आणले, रात्रभर पाण्यात भिजवले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडीत लावले आणि रोज पाणी घातलं. महिना झाला तरी काही नाही, उकरून बघितलं तर लगदा. कंद खराब होते का? आणि वरची बाजू कुठली ते कसं ओळखायचं?

कंद बहुतेक चांगलेच होते हो, पाण्यानेच घात केला. दुकानात मिळतो तो कंद म्हणजे काळपट, सुरकुतलेलं, मातीचं ढेकूळ वाटावं असं काहीतरी असतं, त्याला साध्या पाण्यात ३ ते ४ तास पुरतात, तेवढ्यात तो टम्म फुगतो आणि जवळजवळ दुप्पट दिसायला लागतो. फुगला की बाहेर काढायचा आणि लगेच लावायचा. रात्रभर आणि वर अख्खा दिवस बुडवून ठेवला की आत हवाच मिळत नाही आणि कुजायला तिथेच सुरुवात होते.

पण त्याहून मोठी गडबड रोजच्या पाण्याची. लावल्यावर एकदा नीट पाणी द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा, माती नुसती दमट असली की झालं, कारण तोवर पाणी ओढून घ्यायला पानंच नसतात आणि मुळंही जेमतेम फुटलेली असतात, मग घातलेलं पाणी तिथेच साचून राहतं. निचरा चांगला हवा. माती चिकट असेल तर जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं खत मिसळा, ताजं शेणखत अजिबात नको.

वरची बाजू म्हणाल तर कंदाला टोक असेल ते खाली. पण निम्म्या कंदांना टोक कुठलं तेच कळत नाही, तेव्हा सरळ आडवा ठेवा, कोंब आपली वाट बरोबर शोधतो. खोली साधारण ५ सेंटीमीटर, दोन कंदांत १० ते १५ सेंटीमीटर अंतर.

आणि वेळ बघा. हे मूळ भूमध्य समुद्राच्या भोवतालचं झाड, ओल्या थंडीत वाढायचं आणि कोरड्या उन्हाळ्यात जमिनीत झोपून जायचं हा त्याचा क्रम. म्हणून हिवाळा सौम्य असेल तिथे उन्हाळ्याची धग ओसरल्यावर लावायचं, आणि जिथे जमीन गोठते तिथे थंडी सरता सरता. थंडीच्या आधी लावलं तर साधारण तीनेक महिन्यांत फुलं येतात. गरम हवेत लावून कितीही लाड केले तरी ते मनावर घेत नाही.

प्रश्न: फुलं मस्त आली, आता पानं पिवळी पडतायत. खत घालू का?

नको. हवा तापली की कंदवालं ॲनिमोन झोपायला जातं, आजारी नाहीये. पाणी हळूहळू कमी करत बंद करा, पण पानं पूर्ण वाळेपर्यंत कापू नका, पुढच्या वर्षीची शिदोरी कंदात तीच भरतात. तुमच्याकडे उन्हाळ्यात भरपूर पाऊस पडत असेल तर कंद काढून, वाळवून, हवेशीर कोरड्या जागी ठेवा. तरी दुसऱ्या वर्षी फुलं कमी येतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, आणि कितीतरी माळी दरवर्षी नवीनच कंद लावतात. मलाही तेच सोपं वाटतं.

प्रश्न: जपानी ॲनिमोन लावून वर्ष झालं, चार पानांपलीकडे काही नाही. शेजारी म्हणतात उपटून टाक. टाकू?

अजिबात नको! हे झाड पहिलं वर्षभर जमिनीखालीच कामात असतं, वर काही दाखवत नाही. एकदा रुळलं की मात्र मीटर-दीड मीटर उंच दांडे काढतं आणि उन्हाळा सरल्यावर, बाकीची बाग दमलेली असते तेव्हा फुलतं. अर्धी सावली आणि ओलावा धरणारी माती द्या. नाव जपानी असलं तरी मूळ चीनचं आहे बरं का, जपानात ते खूप आधीच बागेतून पोचलं होतं. यातलं ‘ऑनोरीन जोबेर’ हे पांढरं वाण फ्रान्समध्ये १८५८ साली मिळालं आणि आजही त्याच्या तोडीचं पांढरं फूल मला तरी दुसरं दिसलेलं नाही.

पण एक इशारा. तीन-चार वर्षांनी हेच झाड मुळांवरून मुनवे काढत शेजारच्या रोपांत घुसायला लागतं, आणि तुटलेल्या मुळाचा तुकडा जमिनीत राहिला तरी त्यातून नवीन रोप येतं. नाजूक रोपांच्या मधोमध लावलं असेल तर आत्ताच हलवा, नंतर हलवणं म्हणजे डोक्याला ताप. आणि उपटायचा सल्ला देणारे शेजारी तेव्हा रोप मागायला येतील!

प्रश्न: कंदवाल्या ॲनिमोनची पानं पिळल्यासारखी वळतायत, दांडेही वाकडे होतायत. मावा आहे का?

आधी पान उलटं करून बघा. मावा असेल तर तो डोळ्यांना दिसतोच, पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढा. काहीच दिसत नसेल आणि दांडा स्क्रूसारखा पिळलेला असेल तर बुरशीची शंका घ्या. ती कंदातून येते आणि पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांतून शेजारच्या झाडावर जाते. असं झाड कंदासकट काढून टाका, कंपोस्टमध्ये नको, त्या जागी लगेच परत ॲनिमोनही नको, आणि बाकीच्यांना पाणी वरून न घालता मुळाशी द्या. आणखी एक बुरशीचा रोग म्हणजे तांबेरा, त्यात पानं जाड आणि फिकट होतात आणि फूलच येत नाही, त्याचा अर्धा मुक्काम आलुबुखाराच्या झाडावर असतो. जवळ ते झाड असेल तर तिकडेही बघा.

प्रश्न: फुलदाणीसाठी फुलं कधी तोडायची? घरात मांजर आहे, चालेल ना?

फुलाच्या खाली हिरव्या कातरलेल्या पानांची झालर असते बघा. कळी असताना ती फुलाला अगदी चिकटून असते, मग मधला दांडा वाढतो. फूल आणि झालर यांत बोटभर अंतर पडलं की तोडा, सकाळी, पूर्ण उमलायच्या आधी. फुलं रात्री मिटतात, सकाळी उघडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तोडल्यावरही दांडे वाढतात आणि उजेडाकडे वळतात, त्यामुळे काटेकोर रचना करायला जाऊ नका, वैतागाल. डॅफोडिलबरोबर एकाच पाण्यात ठेवू नका, त्यांच्या चिकाने ही लवकर माना टाकतात.

मांजराचं म्हणाल तर नाही, तिचं तोंड पोचेल अशा जागी ठेवू नका. सगळ्याच ॲनिमोनचा रस विषारी असतो, तोंडात गेला तर आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. मांजराने चावलंच तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. छाटणी करताना तुम्हीही हातमोजे घाला, काही जणांच्या कातडीला खाज सुटते.