गोळी लागल्याशिवाय जवळ येता येत नाही का?

प्रिय मुली,

तुझी वही दोन रात्री जागून वाचली. आधी ‘सीआयडी’ या पोलीस मालिकेतल्या दया आणि अभिजीतवर तू रचलेली कथा, मग त्यांच्यावरचाच तो लांबलचक निबंध, आणि निबंध संपल्यावर पुन्हा कथा. कथा मला फार आवडली. निबंधाशी मात्र माझं भांडण आहे, म्हणून हे पत्र.

निबंधात तू म्हणतेस की दया आणि अभिजीत यांचं एकमेकांवर प्रेम आहे, ‘सीआयडी’ बनवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते वीस वर्षं दडवून ठेवलं. ज्यांना त्या दोघांत सख्खे भाऊ दिसतात, ते तुझ्या लेखी आंधळे. या कथेवरून तुला कुणीतरी फार लागेलसं बोललंय, हे त्या पानांवरच्या अक्षरावरूनही कळतं. वाचताना मला वाईट वाटलं. पण रागाच्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला: आपल्याला हे दिसतं ते नेमकं कशामुळे?

मालिकेत दोन नायकांची जोडी येते ती आधी सोयीसाठी. एकट्या पोलिसाच्या डोक्यातला विचार कॅमेऱ्याला दिसत नाही. शेजारी दुसरा उभा केला की त्याच विचाराचा संवाद होतो. शूटिंगचे दिवस दोघांत वाटून घेता येतात. एक दार तोडणारा, एक धागे जुळवणारा, असं काम विभागलं की भाग लिहायलाही सोपा जातो. जोडी उभी राहते ती अशी. पण दर आठवड्याच्या मालिकेला आणखी एक अट असते: पुढच्या भागाला सगळं पुन्हा पहिल्यासारखं असलं पाहिजे. नायकाचा संसार लागला की ते जमत नाही. म्हणून प्रेयसी एखाद्या भागापुरती येते आणि मरते, निघून जाते किंवा गुन्हेगार निघते. अभिजीत आणि डॉक्टर तारिका यांचं सूत तूच आठवून बघ, वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतल्या नजरानजरेपुढे फारसं सरकलं नाही. उरतो कोण? साथीदार. कथेची घडी मोडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था, पण बघणाऱ्याला त्यात निष्ठा दिसते. आणि ती दिसते हे खरंच आहे, कारण पडद्यावर शेवटपर्यंत टिकलेलं नातं तेच असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. तू पाहिली नसशील, पण १९७५ ते १९७९ या काळात अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘स्टार्स्की अँड हच’ नावाची मालिका होती. दोन साध्या वेशातले पोलीस, लाल रंगाची, पांढऱ्या पट्ट्याची गाडी, पाठलाग आणि गोळीबार. त्यातही हचची जिलियन मारली जाते, स्टार्स्कीची टेरी मारली जाते, आणि दोन्ही वेळा मागे उरतात ते हे दोघेच. पहिल्याच मोसमात गुंड हचला पकडून जबरदस्तीने हेरॉईनचं व्यसन लावतात आणि ते उतरेपर्यंत स्टार्स्की त्याला धरून बसतो. बीबीसीने तो भाग त्या काळी दाखवलाच नाही. दुसऱ्या एका भागात स्टार्स्कीला विष टोचलं जातं, हातात चोवीस तास. अगदी शेवटच्या भागात पोलिसांच्याच गाडीतळावर स्टार्स्कीवर गोळ्या झाडल्या जातात, इस्पितळात त्याचं हृदय थांबतं, आणि हच तिथल्या कॉरिडॉरमधून धावत सुटतो. ते धावणं ज्यांनी पाहिलं त्यांना गाड्यांचे पाठलाग फारसे आठवत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या मालिकेत घडली. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध ओरड वाढल्यावर नंतरच्या मोसमांत मारधाड कमी करावी लागली. मारधाड कमी झाली तशी मोकळी झालेली जागा त्या दोघांनी भरली. १९७७ च्या एका भागात स्टार्स्कीला गुरुस्थानी असलेल्या पोलीस अधिकाऱ्याचा खून होतो आणि तो समलिंगी होता हे उघड होतं. भागाच्या शेवटी ते दोघे आपला किती वेळ एकमेकांच्या सोबतीत जातो याचाच हिशेब मांडतात. आकडा निघतो पंचाहत्तर टक्के. म्हणजे तुला आज पडलेला प्रश्न तेव्हाच्या लेखकांनी स्वतःच पात्रांच्या तोंडी घातला होता, हसत हसत, पण घातला होता.

आता तुझ्या कथेकडे येते. त्यात चार प्रसंग आहेत आणि चारही प्रसंगांत कुणीतरी जखमी आहे. एकदा गोळी, एकदा ताप, एकदा स्फोट, एकदा पुन्हा गोळी. दया-अभिजीतच्या जोडीला चाहते ‘ड्युओ’ म्हणतात; त्यांनी हिंदीत, रोमन लिपीत लिहिलेल्या ‘ड्युओ’च्या कथा मी बऱ्याच वाचल्या आहेत. दोघांना भाऊ मानणाऱ्यांच्या कथा असोत की तुझ्यासारख्या, मध्यभागी हाच पलंग असतो, हीच सलाईनची बाटली, कपाळावर हाच हात. अमेरिकेतल्या बायका पन्नास वर्षांपूर्वी ज्या कथा टंकलिखित करून, छापून एकमेकींना पाठवत होत्या, त्यांतही हेच. एकाचं दुखणं आणि दुसऱ्याची शुश्रूषा, या प्रकाराला तिकडे वेगळं नावच पडलं.

माझा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा थांबते. या मालिकांत दोन पुरुषांना एकमेकांना जवळ घ्यायची परवानगी संकटातच मिळते. रक्त वाहत असेल तर हात धरता येतो, डोळ्यांत पाणी आणता येतं, नाव घेऊन ओरडता येतं. जखम भरली की हात सुटला. धोका हा मायेचा परवाना असतो. चाहत्यांनी हे कुणी शिकवल्याशिवाय ओळखलं, आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा तोच परवाना काढतात. तुला दिसलेलं प्रेम आणि त्यांना दिसलेलं भाऊपण, दोन्ही याच एका फटीतून दिसतं.

माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. त्यांचे एक मित्र होते, तीस वर्षं रोज एकाच लोकलने जाणारे. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवलेलाही मी कधी पाहिला नव्हता. ते काका अकरा रात्री वॉर्डबाहेरच्या बाकावर झोपले. आत सोडलं की वडिलांचे पाय दाबत बसायचे, काही न बोलता. वडील घरी आल्यावर पहिल्याच रविवारी दोघं पुन्हा गाडीला किती उशीर होतो यावर बोलायला लागले. ते पाय दाबणं कुठे गेलं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. या मालिका मी इतक्या मन लावून बघते त्यामागे तो प्रश्न आहे.

म्हणून ‘दडवलं’ हा शब्द निबंधातून काढ. बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते पडद्यावरून सिद्ध करता येणार नाही, आणि तुझं वाचन त्यावर टेकलेलं असण्याची गरजही नाही. पडद्यावर जे आहे ते पुरेसं आहे. अभिजीतला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही. ज्याला मागचं काही नाही, त्याला आत्ता शेजारी उभा असलेला माणूस किती मोठा वाटेल, यावर तू एक ओळही लिहिली नाहीस. आणि घर? ब्युरो, प्रयोगशाळा, गाडी आणि मृतदेह जिथे सापडला ती जागा, मालिकेचा बहुतेक मुक्काम यातच. हे लोक रात्री कुठे जातात, कोण कुणाला जेवायला वाढतं, ते फारसं दिसत नाही. चाहत्यांच्या कथांत चहा, खिचडी, औषधाची वेळ, दाराची जादा किल्ली हे सगळं इतकं का असतं ते यातून कळेल. मालिकेने घर दाखवलं नाही, त्यांनी ते बांधलं. हे लिही. यावर तुझ्याइतकं चांगलं लिहिणारं मला कुणी माहीत नाही.

भाऊ म्हणणाऱ्यांना आंधळं म्हणू नकोस. आपल्या भाषेत दोन माणसांना ‘जिवाभावाचे’ म्हटलं की ते बरंच काही सामावून घेतं. त्यातलं किती उलगडायचं, हे प्रत्येक जण आपापल्या गरजेने ठरवतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांनी यावर एक छोटी युक्ती काढली होती. त्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन नायकांच्या नावांमध्ये ‘अँड’ची खूण (&) असेल तर कथा मैत्रीची, तिरकी रेघ असेल तर प्रेमाची. १९७४ मध्ये चाहत्यांच्याच छोट्या नियतकालिकात तशा प्रेमाची पहिली कथा छापून आली, तेव्हा त्यात दोघांची नावंही नव्हती, इतकी भीती होती. पुढे त्या तिरक्या रेघेवरूनच या लेखनप्रकाराला नाव पडलं. वाचणाऱ्याला दारातच कळायचं की आत काय आहे. तूही कथेच्या वर स्पष्ट लिही. ज्यांना नको ते पुढे जातील.

पण कुणी तुला म्हणालं की असं वाचणंच घाण आहे, तर तिथे मागे हटू नकोस. मालिका २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ खालच्या गुन्ह्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतरची चार-साडेचार वर्षं सोडली, तर जवळजवळ पूर्ण काळ दोन पुरुषांचं असं नातं या देशात गुन्हा होतं. आणि ही तर पोलिसांचीच मालिका! तेव्हा घरच्यांसोबत टीव्हीसमोर बसलेल्या एखाद्या मुलाने त्या दोघांकडे बघून मनातल्या मनात काही जोडलं असेल, तर त्याला दुसरीकडे कुठे जोडायला जागा होती?

एक मर्यादा मात्र पाळ, आणि यावर माझ्याशी वाद घालू नकोस. लिहायचं ते दया आणि अभिजीतबद्दल. ती कामं करणाऱ्या नटांच्या खाजगी आयुष्याबद्दल एक अक्षर नाही. ती माणसं आहेत, त्यांनी तुला पात्रं दिली आहेत, स्वतःला दिलेलं नाही.

आता काम सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत आली तेव्हा जाहिरातीतच अभिजीत दयावर पिस्तूल रोखून उभा होता. पुन्हा गोळीच. ते दृश्य आवाज बंद करून तीनदा बघ आणि फक्त कोण कुणाकडे किती वेळ बघतं तेवढं वहीत टिपून ठेव. मग तुझ्या कथेतला तिसरा प्रसंग, स्फोटाचा, काढून टाक. त्या जागी दोघांना रात्री पाळतीवर गाडीत बसव. कुणाला काही झालेलं नाही, कुणी येत नाही, पाऊस नाही, थर्मासमधला चहा गार झालाय. चार पानं लिही आणि त्यात एकाने दुसऱ्याला हात लावायला कारण मिळता कामा नये. मग काय होतं ते मला बघायचंय.

पुढच्या रविवारी दुपारी ये. चार पानं झाली नसतील तर दोन घेऊन ये.

तुझी,
मावशी