भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं

बडोदे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. बारावीला गुण चांगले पडलेत, बाबा कॉमर्स म्हणतात आणि तुझ्या डोक्यात जर्मन बसलंय, तेही शिक्षिका होण्यासाठी. 'स्कोप काय?' हा प्रश्न तुझा नाही, बाबांचा आहे, हे मला कळलं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी तू विचारलाच नाहीस त्या प्रश्नाचं.

भाषा येणं आणि ती शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दांडिया बाजारात वाढलेल्या आपल्या पोरांना घरात मराठी, शेजारी गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. चार भाषा येतात म्हणून आपण खूश. पण त्या कशा आल्या हे विचारलं की गप्प, कारण निदान पहिल्या तीन तरी कुणी शिकवल्याच नाहीत, अंगवळणी पडल्या. शिक्षकाची भाकरी नेमकी त्या 'कशा'वर असते.

एक उदाहरण देते. जर्मनमध्ये आगगाडीचा शब्द Zug, तो झेडने सुरू होतो आणि त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या 'चूक'सारखा. चोरातला च, चिमट्यातला नव्हे. मराठी मुलगी तो पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणते आणि शाबासकी घेते. तिच्या शेजारची गुजराती मुलगी 'झूग' म्हणते. आता शिकवणारी मराठी असेल तर बहुधा सांगेल, 'नीट ऐक आणि म्हण.' तिनं दहा वेळा ऐकलं तरी काय होणार? तिच्या भाषेत तो वर्णच नाही. तिला सांगायला हवं, जीभ वरच्या दातांमागे टेकव, त म्हणायला लाग आणि श्वास स वर सोडून दे. दोन मिनिटांचं काम. पण जे आपल्याला फुकट मिळालंय, ते शिकवावं लागतं हे लक्षातच येत नाही. उलट, ज्या स्वरावर जर्मन लोक दोन टिंबं देतात तो यू मराठीत नाही आणि गुजरातीतही नाही, म्हणून तो सगळे मन लावून शिकवतात. लांब ई म्हणायची, जीभ तिथंच ठेवायची आणि फक्त ओठ ऊ सारखे गोल करायचे. आज रात्री आरशासमोर करून बघ. आई हसली तर हसू दे.

म्हणून माझा आग्रह आहे की जर्मनबरोबर भाषाशास्त्र घेता आलं तर घे, आणि मराठी-गुजरातीकडे परक्यासारखं बघायला शीक. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत जर्मन, फ्रेंच, रशियन आणि भाषाशास्त्र ही सगळी खाती आहेत. अशी सोय सगळीकडे नसते.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. वर्गात व्याकरण बहुतेक इंग्रजीतून समजावलं जाईल. ते ऐक, पण मनात सगळं इंग्रजीतून वळवत बसू नकोस. 'मी घरी गेले कारण पाऊस पडत होता' यात क्रियापद शेवटी येतं, आणि 'कारण' या अर्थाच्या 'वाइल'नंतरच्या जर्मन वाक्यातही ते शेवटीच जातं. इंग्रजीच्या वळणानं जाणारी मुलं तिथंच अडखळतात. लिंगं तीन हेही आपल्याला नवं नाही. मात्र कुठलं लिंग कुणाला, यात मराठीचा भरवसा धरू नकोस. पुस्तक तिकडेही नपुंसक, पण टेबल पुल्लिंगी. तेव्हा प्रत्येक नाम पहिल्या दिवसापासून त्याच्या आर्टिकलसकट, म्हणजे आधी येणाऱ्या लिंग दाखवणाऱ्या छोट्या शब्दासकट, पाठ कर. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही.

अठराव्या वर्षी नवी भाषा सुरू करणं म्हणजे उशीर झाला, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. बडोद्याचे महाराज सयाजीराव 1875 मध्ये मालेगावजवळच्या कवळाण्याहून बडोद्यात दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या चारही भाषांचा अभ्यास त्यानंतरचा. पुढे त्यांनीच राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, तो 1931 मध्ये निघाला. (त्यांना शिकवायला खास गुरू ठेवले होते, हे खरं. तुला बसनं जावं लागेल.)

आता बाबांचं. नुसत्या एका परकीय भाषेवर संसार उभा करू नकोस. 2011 पासून केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन होती, 2014 मध्ये एका निर्णयानं ती गेली. शिक्षक तेच, त्यांचं जर्मन तेच, तास मात्र गेले. हाताशी दुसरी भाषा हवी ती यासाठी. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागेल, कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.नंतर नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नेटच्या विषयांत जर्मन आहे. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय पातळ्या ए-वन पासून सी-टू पर्यंत सहा आहेत. बी.ए. संपेपर्यंत बी-टू गाठ. तेवढ्यावर बोलता येईल, पण वर्गासमोर उभं राहायचं तर सी-वन शिवाय मी तरी कुणाला पाठवणार नाही. नर्सिंग झालेल्या मुली जर्मनीला जायला निघाल्यात म्हणून गल्लोगल्ली क्लास निघालेत. तिथं लवकर पैसे मिळतील. पण तिथं बहुतेक वेळा शिकवतात ते पेपर सोडवायला. एखादं वर्ष कर, सवय लावून घेऊ नकोस.

आणि शिकवायला लागशील तेव्हा, प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. अमेरिकेत वर्गांचं निरीक्षण झालं तेव्हा दिसलं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. सोपं वाटतं ना? आत्ताच फोनवर मैत्रिणीला काहीतरी विचार आणि मनात पाच मोजून बघ.

फॉर्म भरण्याआधी अभ्यासक्रमाची प्रत घेऊन रविवारी ये, बाबांनाही आण. त्यांना म्हणावं, काकूंनी कॉमर्सला नाही म्हटलेलं नाही, आधी तीन वर्षांचे पेपर बघू म्हणाल्यात.

तुझी,
काकू